रविवारची बादली

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही स्वतःच्या मनाने भरता, म्हणून हे पत्र. मागच्या आठवड्यात मी गाडीचं सांगत होते आणि तुम्ही दहा मिनिटं माझ्या दाढेची चौकशी केलीत. दाढ ठीक आहे. गाडी घेतली आहे. विजेवर चालणारी, पांढरी. आवाज इतका कमी की आई म्हणते, ही मागून येऊन माणसाला उडवेल आणि वर आपलं काही चुकलंच नाही म्हणेल.

आता अडचण सांगते. गाडीबरोबर कंपनीने एक छोटा चार्जर दिला आहे, घरच्या जाड पिनच्या सॉकेटला लावायचा. पोर्चमधल्या सॉकेटला लावला, तर हिरव्याच्या जागी लाल दिवा. तीनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तीनदा. पुस्तिकेत लिहिलंय, अर्थिंग मिळत नाही. शोरूमचा माणूस येऊन तेच म्हणाला. मला असा राग आला! म्हटलं, "अहो, या घराचं वायरिंग आमच्या सख्ख्या मामांनी केलेलं आहे. पुढे सत्तावीस वर्षं तंत्रशाळेत वायरमन घडवले त्यांनी. अर्थिंग चुकलं की विद्यार्थ्याला सरळ नापास करायचे." बिचाऱ्याने पुस्तिका मिटली आणि निघून गेला. शिवाय तुम्ही सांगितल्यापासून आई दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते. अठ्ठावीस वर्षांत एक रविवार चुकला असेल तर शपथ. इतकं पाणी पिऊन अर्थिंग जाईल कुठे?

त्या लाल दिव्याने आईचं जुनं दुखणं मात्र पुन्हा वर काढलंय. "बघ, मी सांगत होते, या घरात करंट आहे." फ्रिज चावतो, वॉशिंग मशीन चावतं, सगळं तिलाच चावतं. आम्हाला नाही चावत. शेवटी मी म्हटलं, "बॅटरीबाई, आता गाडी तुम्हालाच जोडते." तुम्ही ठेवलेलं नाव अजून चालू आहे.

तर मामा, छोट्या चार्जरवर भागवू की भिंतीवरचा मोठा बसवू? तार कुठली घालू? उंटावरून शेळ्या हाका, पण हाका.

तुमची भाची


ता. ९ फेब्रुवारी

भाचीबाईंना आशीर्वाद.

गाडीचं अभिनंदन. दाढेचंही.

शोरूमवाल्यांचं फार मनावर घेऊ नकोस. त्यांचं काम गाडी विकणं. पोर्चमधलं सॉकेट उन्हापावसात आहे, आतली पिन सैल झाली असेल, गंजली असेल. त्यावर गाडी लावायचीच नाही. आणि एक सांगतो, जुना बोर्ड कुणालाही उघडू देऊ नकोस. जुन्या तारा ठिसूळ झालेल्या असतात, एक सरळ करायला गेलं की दहा तुटतात. खाजवून खरूज काढू नये.

आता नीट ऐक. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी सहा-सात तास सलग वीज ओढते. म्हणून तिची चूल वेगळी मांडायची. भिंतीवरचाच चार्जर घे, सात किलोवॅटचा, बत्तीस अँपियरचा. आधी वीज कंपनीकडे अर्ज करून घराचा मंजूर भार वाढवून घे, नाहीतर गाडी आणि गीझर एकदम लागले की सगळं घर अंधारात. मीटरपासून थेट नवी तार ओढायची, तांब्याची, दहा चौरस मिलिमीटरची. वायरमन म्हणेल सहाची चालते. म्हणू दे. सहाची तापत राहते, दहाची गार राहते. चाळीसचा एमसीबी, आणि त्याच्यासोबत गळती पकडून वीज तोडणारा आरसीसीबी. तो चार्जरच्या कंपनीने सांगितला असेल त्याच जातीचा घ्यायचा, दुकानदार देईल तो नाही.

अर्थिंग वेगळं. नवा खड्डा, नवी कांडी, चांगली आठ फूट खोल. जुन्या अर्थिंगशी जोडायचं नाही. जुनं ते जुनं, नवं ते नवं, एकमेकांत मिसळू नये.

मी स्वतः आलो असतो, पण गुडघा. जिना उतरायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते.

ताईला म्हणावं, घरात चपला घालत जा. या वयात गार फरशी बरी नाही.

मामा


ता. २७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

काम झालं! काल संध्याकाळी पहिल्यांदा हिरवा दिवा लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. तुमचं पत्र मी वायरमनच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "असं लिहून देणारी माणसं आता राहिली नाहीत."

चार्जर निवडताना मात्र नवऱ्याने आणि मी दोन रविवार घालवले. एक चार्जर होता तो मोबाईलवरून चालतो, किती वीज खाल्ली त्याचे आलेख काढतो, घरच्या इंटरनेटला जोडावा लागतो. आई म्हणाली, "वीज घ्यायला त्याला इंटरनेट कशाला? आपण जेवताना वर्तमानपत्र वाचतो तसं का?" मग साधाच घेतला. एक केबल, एक दिवा, एक बटण. वायरमनने सहाच्या तारेचा विषय काढलाच. मी बोट दाखवलं तुमच्या ओळीवर. त्याने मान डोलावली आणि दहाची घातली.

आता तुम्हाला आवडेल असं सांगते. नव्या अर्थिंगसाठी जुन्या खड्ड्याच्या शेजारीच खणायला घेतलं, तर दोन फुटांवर खडक. काळा, अखंड. पहार आपटली की ठिणग्या. शेवटी ड्रिलचं मोठं यंत्र भाड्याने आणावं लागलं, तेव्हा कुठे आठ फूट झाले. वायरमन घाम पुसत जुन्या खड्ड्याच्या सिमेंटच्या झाकणाकडे बघत राहिला. मला विचारलं, "हा तुमच्या मामांनी कशाने खणला?" मी म्हटलं, "पहारेने. हाताने." तो हसला, म्हणाला, "मग त्यांना एकदा भेटायलाच पाहिजे." मामा, मला इतका अभिमान वाटला! रात्रभर कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं. (मी रात्रपाळीला होते, प्रयोगशाळेत. रक्ताच्या बाटल्या आणि तुमचं कौतुक.)

आई पोर्चमध्ये आलीच नाही. खिडकीतून बघत होती. गाडी चार्ज होत असताना तिच्याजवळून जात नाही, मागच्या दाराने फिरून जाते. आणि आज सकाळी परत, फ्रिज चावला. मी हात लावून पाहिला, नवऱ्याने लावून पाहिला. काही नाही. तिचा चेहरा असा होतो ना त्या वेळी, की मला चीडच येते. नवं अर्थिंग घातलंय, मामांनी सांगितल्याबरहुकूम सगळं केलंय, आता आणखी काय करायचं? तिला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय. बाबांनी पूर्वी नेलं होतं तसं.

तुम्ही हिरा आहात. गुडघ्याला जपा.

तुमची भाची


ता. ६ मार्च

भाचीबाईंना आशीर्वाद.

काम नीट झालं, बरं वाटलं. फार कौतुक करत सुटू नकोस, नजर लागते.

डॉक्टरची एवढी घाई कशाला? वयाप्रमाणे हातपाय सुन्न होतात, मुंग्या येतात. ताईसाठी पार्सलने रबरी तळव्यांच्या चपला पाठवतो आहे, दोन जोड. एक स्वयंपाकघरात ठेवायचा, एक मोरीशी. सकाळी उठल्यापासून घालायच्या. तेवढ्याने फरक पडेल. माझं ऐक आणि औषध-बिषध सुरू करू नकोस.

मामा


ता. २० मार्च

प्रिय मामा,

चपला मिळाल्या. आईने खोक्यातून काढल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि परत खोक्यात ठेवल्या. म्हणाली, "धाकट्याची थट्टा अजून संपत नाही." जन्मभर अनवाणी शिवणयंत्र चालवलेली बाई, तिच्या पायांना आता चपला सोसत नाहीत.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. त्यांनी सगळं विचारलं, कधीपासून, किती वेळा, आणखी कुणाला होतं का. मी सांगितलं, फक्त हिलाच. गोळ्या दिल्या आहेत. आता ती दुपारभर झोपते. भाजी निवडता निवडता झोपते. पण फ्रिजबद्दल बोलत नाही हे खरं. तिला तुम्हाला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून खाली जागा सोडते.

तुमची भाची

"धाकट्या, डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा मला पटलं की हे माझ्या डोक्यातलंच आहे. इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांना पिडलं, आणि तुला तर किती वेळा लांबून बोलावून घेतलं. तुझ्या कामावर मी संशय घेतला त्याचं मनाला लागून राहिलं आहे. राग धरू नकोस. ताई."


ता. २५ मार्च

पोरी,

पुढचं वाचायच्या आधी उठ आणि घराचा मेन स्विच बंद कर. त्या वायरमनला बोलाव. जुन्या बोर्डात खाली डाव्या कोपऱ्यात एक बोल्ट आहे, सगळ्या हिरव्या तारा त्याला आवळलेल्या आहेत. त्या बोल्टपासून नव्या अर्थिंगच्या कांडीपर्यंत जाड तांब्याची तार टाकून घे, आणि जुन्या सगळ्या घरालाही आरसीसीबी बसवून घे. ते होईपर्यंत ताईला फ्रिजला, मशीनला, गीझरला हात लावू देऊ नकोस. आधी हे कर. शिव्या नंतर दे.

झालं असेल तर आता वाच.

तुमच्या घराला अर्थिंग नाही. कधीच नव्हतं.

मी तीस वर्षांचा होतो. तोपर्यंत दुसऱ्यांच्या हाताखाली कामं केली होती, ताईचं घर हे माझं स्वतःचं पहिलं काम. एकेक तार मी देवासारखी ओढली. खड्डा शेवटी राहिला. दोन फुटांवर खडक लागला. दोन दिवस पहार आपटली, हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज कंपनीचा तपासनीस येणार होता आणि दुपारी तुमचं सामान. मी हातभर पाइप उभा केला, माती लोटली, वर सिमेंटचं झाकण घातलं. तार भिंतीतून बाहेर काढली तरी पाइपापर्यंत पोचत नव्हती, म्हणून मी ती भिंतीतच कापली आणि टोकाला टेप गुंडाळली. म्हटलं, पुढच्या महिन्यात यंत्र आणून करू. तपासनीसाने झाकण पाहिलं, खाली नाही पाहिलं. ताईने विचारलं, हे कशासाठी? मी ऐटीत म्हणालो, हा घराचा पाया, दर रविवारी बादलीभर पाणी घालत जा. खऱ्या खड्ड्याला घालतातच. खोट्याला घातलं म्हणजे तो खरा वाटतो.

पुढच्या महिन्यात तंत्रशाळेतली नोकरी लागली. मग पुढचा महिना आलाच नाही.

आठ महिन्यांनी ताईचा निरोप आला, फ्रिज चावतो. मी गेलो. तुझे बाबा, तू, तुझी काकू, शेजारीण, सगळे स्वयंपाकघरात उभे. मी फ्रिजच्या हँडलला टेस्टर लावला. दिवा लागला, पोरी. स्पष्ट लागला. मी तो मुठीत झाकला. मागे वळून हसलो आणि म्हणालो, "फ्रिजमध्ये काही नाही, ताई, तूच बॅटरी आहेस." सगळे हसले. तूही हसलीस, तुझे दोन दात तेव्हा पडलेले होते. ताईही हसली, सगळ्यात शेवटी.

काय होत होतं ते सांगतो. प्रत्येक यंत्रातून थोडी वीज गळते. ती हिरव्या तारेने जमिनीत जायची असते. तुमच्या घरात तिला जमीनच नाही, म्हणून ती सगळ्या तीन पिनांच्या यंत्रांच्या अंगावर बसून राहते. चपला घातलेल्याला कळत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्याला कळतं. घरात अनवाणी राहणारी एकच बाई होती.

एवढ्या वर्षांत मला सांगता आलं नसतं असं नाही. दर वर्षी सांगणं आदल्या वर्षीपेक्षा जड झालं, एवढंच. वर्गात फळ्यावर खड्डा काढून दाखवायचो, अर्थिंग विसरणाऱ्याला नापास करायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हाही मी काय केलं? नवा खड्डा सांगितला आणि जुन्याशी जोडू नको म्हणालो. सल्ल्यातला तेवढाच भाग मी माझ्यासाठी लिहिला होता. जोडायला गेलं असतं तर जुनं उघडं पडलं असतं. तू मला हिरा म्हणालीस. मी ते पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं, आणि ती ओळ गाळली.

ताईने माझी माफी मागितली आहे. ते वाचल्यापासून जेवण जात नाही. मला लाज वाटते, पोरी. दुसरा शब्द नाही.

मामा


ता. १४ एप्रिल

मामा,

उत्तराला वीस दिवस लागले. दोन पत्रं लिहून फाडली, त्यांत लिहिलेलं तुम्हाला कळायला नको.

वायरमन त्याच दिवशी आला. व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक फ्रिजला, दुसरं नळाला लावलं. एकशे चार आकडा आला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला खडक लागला तेव्हाच शंका आली होती. पण तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात, मोठ्या माणसाचं नाव होतं, कसं बोलणार?" भेटायला पाहिजे म्हणून तो का हसला होता ते मला तेव्हा कळलं. आणि मी ते रात्रपाळीत सगळ्यांना अभिमानाने सांगून आले होते.

झाकण फोडलं. खाली हातभर पाइप, चिखल आणि खडक. भिंतीतलं तारेचं टोकही सापडलं. टेप किती नीट गुंडाळली आहे मामा. अठ्ठावीस वर्षांत सुटली नाही.

तार जोडायच्या आधी मी वायरमनला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. चपला काढल्या, पाय ओले केले आणि फ्रिजला हात लावला. त्याने आरडाओरडा केला, पण लावला. चावतो. मुंगी नव्हे, गांधीलमाशी. कोपरापर्यंत. आई हे रोज घ्यायची आणि आम्ही तिला विचारायचो, आज किती व्होल्ट?

मी सगळं तुमच्यावर ढकलणार नाही. बारा वर्षांची असताना मी वर्गात सांगितलं होतं की आमच्या आईला भास होतात. मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा तिने काही बोलू नये म्हणून मीच धावत जाऊन फ्रिज उघडायचे. मी रोज चाळीस माणसांच्या रक्ताचे अहवाल काढते. मशीनने आकडा दिला तरी दुसऱ्यांदा तपासून बघते. माझ्या आईच्या बोलण्याची एकदाही तपासणी केली नाही. चपला काढून बघायला लागतो किती वेळ? तुम्हाला तुमचं नाव वाचवायचं होतं. मला तर तेवढंही कारण नव्हतं.

आता सगळं जोडलंय, आरसीसीबी बसवलाय. आईला मी एवढंच सांगितलं की जुन्या तारांची दुरुस्ती आहे. डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या. आई विचारते, "औषध का कमी केलं? मी बरी झाले का?"

ते उत्तर तुमचं आहे. मी सांगितलं तर ती मलाच समजावत बसेल, तुमची बाजू घेईल. तुम्ही सांगा. फोनवर नको, तिथे तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं.

भाची


ता. १९ एप्रिल

ताई,

चार कागद वाया घालवले, आता थोडक्यात लिहितो.

तुला झटके खरेच बसत होते. पहिल्या दिवसापासून. अर्थिंगचा खड्डा मी खणलाच नव्हता, खडक लागला म्हणून वर झाकण घालून मोकळा झालो होतो. तू पहिल्यांदा बोलावलंस तेव्हा टेस्टरचा दिवा लागला होता, मी तो मुठीत लपवला. मला माहीत होतं आणि तरी मी तुला बॅटरी म्हणालो, कारण सगळे तुझ्याकडे बघून हसले की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

तुझ्या डोक्यात काही नाही. कधीच नव्हतं. आता सगळं नीट जोडलं आहे, पोरीने जोडून घेतलं.

तू माझी माफी मागितलीस. मी तुझी मागावी अशी माझी लायकी आहे का, मला ठाऊक नाही.

धाकटा


ता. २ मे

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला हात लावला. काही झालं नाही. हात तसाच ठेवून उभी राहिले. पोरीने मागून येऊन मला धरलं आणि तीच रडायला लागली. मला रडू आलं नाही. राग आला, इतका की भीतीच वाटली.

तू थोडक्यात लिहिलंस, मी थोडं सांगते. माझ्याकडे कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन होतं, मोटरवालं, आठवतं का? शाळांच्या गणवेशांचं काम यायचं. दोनशे जोड एका महिन्यात काढलेत मी. ते मशीन असं चावायचं की मी कापड हातात धरायची आणि हात मागे घ्यायची. टाके वाकडे यायला लागले. शेवटी विकून टाकलं. काम देणारा दुकानदार म्हणाला, बाई, आळसाला औषध नाही. जाऊबाईंनी चार नातेवाइकांत सांगितलं की हिच्यावर परिणाम झालाय. शेजारीण अजून माझ्या हातून काही घेताना "करंट नाही ना?" म्हणते. पहिले डॉक्टर, ह्यांनी नेलं होतं ते, आता म्हातारे झालेत पण आहेत. त्यांच्या गोळ्या मी अकरा वर्षं घेतल्या. त्या अकरा वर्षांतलं मला फारसं आठवत नाही. पोरीचं कॉलेज मला धुक्यातून बघितल्यासारखं आठवतं.

पत्राने माफी मागून हे मिटत नाही. तू ये. गुडघा घेऊन ये. जाऊबाई, शेजारीण, दुकानदार, डॉक्टर, अशी चार घरं आहेत. पोरगी म्हणाली, त्या गाडीतून नेईन. मी त्या गाडीत बसेन. चारही ठिकाणी तू बोलायचंस, टेस्टरपासून सगळं. मी शेजारी बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही. तुला ऐकायला येत नाही, पण बोलायला येतं.

ह्यांच्यापुढे मात्र तुला नेता येत नाही. जायच्या दोन दिवस आधी ह्यांनी पोरीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आईला सांभाळ, तिचं मन कच्चं आहे." मी दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. माणूस वाईट नव्हता. कधी ओरडले नाहीत, डॉक्टरकडे हात धरून न्यायचे. पण जाताना माझ्याबद्दल शेवटचं म्हणून हे बोलून गेले, आणि ते खरं आहे असं धरून मी नऊ वर्षं जगले.

म्हणून चार घरं झाल्यावर आपण परत इथे येऊ. ह्यांची खुर्ची खिडकीशी आहे, तिच्यात मी बसेन. तू समोर बस आणि ह्यांना सांगायचं ते सांग. त्यांच्या जागी बसून मी सगळं ऐकून घेईन.

माझ्या जागी बसून तुझी माफी ऐकायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

ताई